दादांची वही आणि हरवलेल्या चाली

नमस्कार मंडळी,

मागच्या नाताळात शेजारच्या सूनबाई आमच्याकडे ताट परत करायला आल्या होत्या. घरात त्या वेळी पेटी काढलेली, भाचा तबल्यावर, मी टाळ घेऊन बसलेली. त्या दारातच उभ्या राहिल्या, एक गाणं पूर्ण ऐकलं आणि मग म्हणाल्या, "काकू, एक विचारू? राग नका मानू. पेटी, टाळ, अभंग... हे तर आमच्याकडचं आहे नं? तुमच्या चर्चमध्ये हे कसं काय आलं?"

राग यायचं काही कारणच नव्हतं. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या." चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पण त्यांच्या प्रश्नाला मी काही धड उत्तर दिलं नाही. कारण ते उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात आमच्या घरातल्या काही जुन्या दुखण्याच्या गोष्टीही आहेत. या ग्रुपवर बालाघाटच्या गणेशोत्सवाच्या, छोट्या लाईनच्या, भरवेलीच्या खाणीच्या आठवणी मी आवडीने वाचते. आमच्यासारख्या हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा मराठी ख्रिस्ती घरांची आठवण मात्र कोणी लिहिलेली दिसली नाही. आणि ती दुसऱ्या कोणी का लिहावी? म्हणून आज मीच बसले आहे. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

(वर "मंडळी" लिहिलं आणि हसू आलं. आमच्याकडे "मंडळी" म्हणजे चर्चची सभासद माणसं. लहानपणी शेजारी सत्यनारायणाला "मंडळी जमली का?" असं कोणी विचारलं की मला वाटायचं, आता पाळकसाहेब येणार!)

आमचे आजोबा नगरकडचे. अहमदनगरहून नागपूर, आणि तिथून भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून १९३० च्या दशकात ते इकडे आले. गोंदियाला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोट्या लाईनच्या गाडीत बसायचं. आजी सांगायची, सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि एक पेटी. गोंदियाच्या हमालाने ट्रंकेचे पैसे घेतले पण पेटीचे घेतले नाहीत, कारण त्याला वाटलं हे कीर्तनकार आहेत. आजोबांनी त्याचा गैरसमज काही दूर केला नाही.

आणि तसं पाहिलं तर तो फार चुकलाही नव्हता.

अमेरिकन मिशनरी मुंबईला आले १८१३ साली, नगरला त्यांचं ठाणं पडलं १८३१ मध्ये. उपासना म्हटली की गायन हवंच, कारण त्यांच्या धर्मसुधारणेचा पायाच तो. मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मन भाषेतली गीतं छापून लोकांच्या हाती दिली, तोपर्यंत चर्चमध्ये मुख्यतः पाद्री आणि गायनसंच लॅटिनमधून गात आणि लोक ऐकत. ल्यूथरचं म्हणणं असं की लोकांनी स्वतःच्या भाषेत स्वतः गावं. त्याचा तो विचार घेऊन ही माणसं इथवर आली, आणि इथे काय केलं? इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं केली आणि ती इंग्रजी चालींवरच बसवली. शब्द आमचे, पण गळा त्यांचा.

ते का जमत नव्हतं हे मला पेटी शिकताना दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) दाखवलं होतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला वजन असतं. "दया" म्हणताना आपण "द" वर थांबत नाही, "या" वर थांबतो. इंग्रजी चालीचा ठोका नेमका पहिल्या अक्षरावर आला की "दाऽय" असं काहीतरी तोंडातून निघतं. दादा मुद्दाम तसं गाऊन दाखवायचे आणि आम्ही भावंडं लोळून हसायचो. पण एखाद्या म्हातारीला, जिने उभ्या जन्मात ओवीशिवाय काही गायलं नाही, तिला अशा गाण्यात देव कसा सापडायचा? ती ओठ हलवून गप्प बसायची.

हे आधी ओळखलं नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी. त्यांनी आपल्या चालींवर गीतं रचली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मागे साथीदार, सगळं तसंच, फक्त आख्यान येशूचं. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. "केवढे हे क्रौर्य!" ही त्यांची कविता आपल्यापैकी जुन्या माणसांना शाळेत होती. लक्ष्मीबाईंचं "स्मृतिचित्रे" तर किती घरांत असेल. पण टिळकांच्या धर्मांतराच्या गोष्टीत आपला हा भाग येतो, हे किती जणांच्या लक्षात आहे? नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिलं, तिथून सगळं सुरू झालं. नागपूर–राजनांदगाव म्हणजे भंडारा, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड. आपल्या गोंदियावरूनच गेली की ती गाडी! दादांना याचा केवढा अभिमान. गोंदियाचं स्टेशन आलं की दर वेळी न चुकता सांगायचे, जणू टिळक खिडकीतून हात हलवून गेले होते.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. घर मोडलं, लक्ष्मीबाईंपासून ताटातूट झाली, त्या पुढे १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्या दुःखाबद्दल त्यांनी लिहिलं आहे, ते मी इथे पुन्हा सांगत नाही, त्यांच्यासारखं कोणाला सांगता येणार नाही. माझा विषय गाण्याचा. टिळक चित्पावन घरातले, लहानपणापासून कीर्तन-पुराण कानावर. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते स्वतः सांगत. त्यांनी भाषांतरं केली नाहीत. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, आरतीच्या वळणाची गीतं लिहिली. मराठी चर्चचं जे "उपासना संगीत" आहे, त्यात टिळकांची गीतं शेकड्याने आहेत. ९ मे १९१९ ला ते गेले. शेवटच्या वर्षांत मिशनचा पगारही सोडला होता आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला होता, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही येता यावं.

आता अभंगच का? ते दादांच्या भाषेत सांगते, कारण मी काही संगीताची पंडित नाही, तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलं. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. म्हणजे तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला जरा टेकायचं. चालत चालत गाण्यासाठीच घडवलेला आहे तो. आणि एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचं. वाचता येत नसलं तरी चालतं, पुस्तक नसलं तरी चालतं. ज्या मंडळीत निम्म्याहून जास्त माणसांना अक्षरओळख नव्हती, तिथे याहून सोयीचं काय असणार? दादा म्हणायचे, "छापील गीत वाचणाऱ्याचं असतं, ध्रुपद सगळ्यांचं."

इथवर गोष्ट गोड आहे. आता ती दुखरी बाजू.

आमचं घराणं मूळचं मातंग समाजातलं. आजोबांचे वडील गावात हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे वाजवावी लागायची. पाटलाच्या घरी लग्न असो, जत्रा असो, बोलावणं आलं की जायचं, दारात बाहेर उभं राहायचं, वाजवायचं, आणि जे मिळेल ते घेऊन यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या बोटांना हलगी फार सुरेख बोलायची असं म्हणतात. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर हलगी खुंटीवरून काढली आणि परत कधी हातात घेतली नाही.

मी कॉलेजात असताना नाताळच्या फेरीत तरुण पोरांनी एक हलगी आणली. गाणी जोरात चालली होती, सगळी नाचत होती. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी काठी आपटली आणि म्हणाले, "ती आमच्या दारात वाजणार नाही." एवढंच. फेरी पुढे गेली, पण आमच्या घरापुढे गाणं झालं नाही. मला तेव्हा फार लाज वाटली, मैत्रिणी होत्या सोबत. कारण कळलं ते खूप नंतर, आजीकडून.

म्हणून "आपलं देशी संगीत चर्चमध्ये आणलं" हे वाक्य मी वाचते तेव्हा जरा थांबते. टिळकांना कीर्तन परत मिळालं, कारण कीर्तन त्यांचंच होतं, मानाचं होतं. आमच्या पणजोबांना आपलं वाद्य सोडावं लागलं, तेव्हा कुठे ते माणूस म्हणून देवापुढे उभे राहिले. दोन्ही माणसं एकाच मंडळीत, एकाच पुस्तकातून गात होती. टाळ आजोबांना चालायचा. का चालायचा, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "टाळ चोखोबाच्याही हातात होता." चोखोबालाही देवळाबाहेरच उभं राहावं लागलं होतं, पण टाळ वाजवायला त्याला कोणा पाटलाचं बोलावणं लागलं नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी तो हिशेब अजून पूर्ण सोडवलेला नाही.

देऊळ म्हटलं म्हणून आठवलं, आजी चर्चला शेवटपर्यंत "देऊळ"च म्हणायची. नगरकडे तसंच म्हणतात. "रविवारी देवळात या हं," असं तिने शेजारणीला सांगितलं तर ती बिचारी नारळ घेऊन आली होती.

सूनबाईंच्या प्रश्नातला दुसरा भाग पेटीचा. तर गंमत अशी की पेटी तुमचीही नाही आणि आमचीही नाही. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने घेतलं. पायाने भाता मारायची ती मोठी पेटी. युरोपियन लोकांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली, चर्चच्या ऑर्गनची गरिबाघरची बहीण म्हणून. इथे कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला जमिनीवर बसवलं, भाता मागे आणला, एका हाताने वारा आणि एका हाताने सूर. मग ती नाटकात शिरली, कीर्तनात शिरली, भजनी मंडळात शिरली. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० पासून तीसेक वर्षं तिला परदेशी आणि बेसूर म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं! म्हणजे बघा, अभंग तुमच्याकडून आमच्याकडे आला आणि पेटी चर्चच्या बाजूने तुमच्याकडे गेली. हिशेब बरोबरीचा झाला की नाही?

आणि वाद्यांवरून भांडणं काही आपल्याकडेच होतात असं नाही. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, तिथे त्या काळी उपासनेत वाद्य चालतच नसे. फक्त स्तोत्रं, तीही नुसत्या आवाजात. वाद्याला परवानगी मिळाली १८८३ साली, हिस्लॉप साहेब जाऊन वीस वर्षं झाल्यावर. (त्याच साली नागपूरला त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं.) हे सगळं त्या बायबलच्या नावाने, ज्याच्या स्तोत्रसंहितेतल्या शेवटच्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, बासरी आणि झांजा अशी वाद्यांची जत्राच भरली आहे. प्रभू येशूनेही शेवटच्या रात्री शिष्यांसोबत स्तोत्र गाऊन मगच जैतुनाच्या डोंगराकडे पाऊल टाकलं, असं मत्तयाने नोंदवलं आहे. मरणाच्या आदल्या रात्री गाणं. मला ते वाक्य सगळ्या वादांपेक्षा मोठं वाटतं.

मराठीत ख्रिस्ताचं गाणं तसं टिळकांच्याही कितीतरी आधीचं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ ला गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याचं "क्रिस्तपुराण" १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी कानाला काही हवं होतं, ते त्याने दिलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलं आणि उपासाच्या दिवसांत गात राहिले म्हणून. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमधून चालायची, ती लोकांच्या भाषेत यायला दुसरी व्हॅटिकन परिषद उजाडावी लागली, डिसेंबर १९६३ मध्ये तो निर्णय झाला. आज वसईत मराठीत जे घुमतं ते त्यानंतरचं.

असो. बालाघाटला परत येते.

आपला जिल्हा झाला १८६७ मध्ये, नागपूर विभागात. नागपूर राजधानी, मराठी कानाशी. इथल्या मिशनचं काम मुख्यतः बैहरकडच्या गोंड-बैगा वस्त्यांत होतं, पुढे ते मेथॉडिस्टांकडे गेलं, आणि भाषा हिंदीच होती. पण वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूला मराठी बोलणारी माणसं भरपूर, आणि नागपूर-नगरहून नोकरीला आलेली आमच्यासारखी घरं. म्हणून आजोबांच्या काळी महिन्यातून एक रविवार मराठी गीतांचा असायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, राजधानी भोपाळ झाली. त्यानंतर शाळा हिंदी, कचेरी हिंदी, आणि हळूहळू उपासनाही पूर्ण हिंदी. कोणी बंदी घातली नाही. पाळक जबलपूरकडचे येऊ लागले, मराठी घरांतली मुलं हिंदी शाळेत गेली, आणि महिन्याचा एक रविवार वर्षाचा एक रविवार झाला, मग तोही गेला. हे तुमच्या घरांतही असंच झालं असेल. आरती मराठीत आणि भांडण हिंदीत, खरं की नाही?

दादांनी चर्चमध्ये चाळीस वर्षं पेटी वाजवली. हिंदी भजनं वाजवली आणि मनापासून वाजवली, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. पण लग्न असो, मयत असो, मराठी घर असलं की एक अभंग ते म्हणायचेच. नंतर कीबोर्ड आला, गिटार आली, ड्रम आले. पोरं मोबाईलवरून नवी गाणी बसवू लागली. दादांना पेटी घेऊन मागच्या बाकावर बसायला सांगण्यात आलं. कोणी सांगितलं ते सोडा, त्या माणसाचाही काही वाईट हेतू नव्हता. दादा घरी आले, पेटीवर कापड घातलं आणि म्हणाले, "पोरं गाताहेत नं? मग झालं." तीन दिवस मात्र जेवणात लक्ष नव्हतं. मी त्या पोरांवर तेव्हा रागावले होते. आता वाटतं, आजोबांनी नगरमध्ये पेटी मांडली तेव्हा कोणीतरी म्हाताऱ्याने असंच नाक मुरडलं असेल.

दादा गेले २०१८ मध्ये, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. वय ८४. गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती मयतीला ज्यांनी पेटी वाजवली, त्यांच्या मयतीला वाजवणारं कोणी नव्हतं. मुलांनी हिंदी गीतं सुंदर गायली, माझी तक्रार नाही. माती द्यायच्या आधी पास्टर साहेबांनी मला विचारलं, "दीदी, अंकलजी का कोई प्रिय भजन?"

प्रिय भजन म्हणजे टिळकांचा एक अभंग. मी सुरुवात केली. पहिला चरण गेला. दुसऱ्याला गळा दाटला. भाऊ आधीच गेलेला, भाच्याला तबला येतो पण मराठी येत नाही. मी थांबले. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. मला वाटलं, संपलं. आजोबांनी गोंदियावरून छोट्या लाईनने आणलेलं ते इथे, या खड्ड्याशी संपलं.

आणि मागून, कंपाउंडच्या भिंतीजवळून, कोणीतरी ध्रुपद उचललं.

आमच्या गल्लीतल्या काकांचं भजनी मंडळ. सहा-सात म्हातारी माणसं, दादांची रोजची बैठकीतली. चपला फाटकाशी काढून मागे उभी होती. शब्द त्यांना पाठ नव्हते. पण चाल त्यांचीच, दर एकादशीला ते त्याच चालीवर तुकोबा म्हणतात. मी एकदा म्हटलेलं ध्रुपद त्यांनी उचललं, टाळ नव्हते म्हणून हातांनी ठेका धरला. मग मी पुढचा चरण म्हटला, त्यांनी ध्रुपद धरलं. पुढचा म्हटला, पुन्हा धरलं. चारही कडवी झाली. "येशू" हे नाव त्यांच्या तोंडून इतक्या सहज येत होतं की मला रडायचंही सुचलं नाही.

नंतर चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ मला हळूच विचारतात, "बहुत अच्छा गाया। ये लोग कौन सी कलीसिया से आए थे?"

कुरकुर झाली, ती लपवत नाही. आमच्याकडे एक-दोघांना ते रुचलं नाही. काकांच्या घरीही मुलाने विचारलं म्हणे, "बाबा, तुम्ही तिकडचं कसं गायलं?" काका म्हणाले, "मी चालीला साथ दिली. शब्द त्यांचे, माणूस माझा."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दादांच्या ट्रंकेत आजोबांची वही सापडली. जुन्या पिवळ्या कागदाची, शाई फिकटलेली. ८७ गीतं. जुन्या पुस्तकांत असतं तसं प्रत्येक गीतावर फक्त चाल कोणती ते लिहिलेलं, नोटेशन नाही. म्हणजे "अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणा", बस्. ज्याला ते अमकं गाणं माहीत आहे, त्यालाच हे गीत म्हणता येणार. त्या वेळी सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कोणी जास्त लिहायची तसदी घेतली नाही. ८७ पैकी ५२ चाली मला दादांकडून आल्या आहेत. भाच्याने त्या मोबाईलवर घेतल्या. उरलेल्या ३५ मुक्या आहेत. शब्द समोर आहेत, वाचता येतात, गाता येत नाहीत. आणि त्या ज्या गाण्यांवर बेतल्या आहेत ती गाणी चर्चमध्ये शोधून सापडणार नाहीत. ती तुमच्या घरांत आहेत.

वहीत काय काय आहे ते थोडं सांगते. नऊ गीतांवर "सौभद्र" असं लिहिलं आहे, पुढे पदाचा पहिला शब्द. किर्लोस्करांचं नाटक १८८२ चं, त्याची पदं त्या काळी घराघरांत होती. चारांवर "जात्यावरची, आईची" एवढंच, ती आई म्हणजे आमची पणजी, त्यामुळे ती चाल गेलीच म्हणायची, पण नगरकडच्या कोणाला जात्यावरच्या दोन-तीन वेगळ्या चाली येत असतील तर त्यातली एखादी ओळखू येईल. दोनांवर "भूपाळी". एका ठिकाणी आधी "लावणीची" असं लिहून आजोबांनी खोडलं आहे आणि वर "साधी" लिहिलं आहे! (आजोबा, खोडलेलं वाचता येतंय बरं का.) आणि पाच गीतांवर लिहिलंय, "चाल – कटंगीच्या बुवांची". हे बुवा कोण? १९४० च्या आसपास कटंगीला कोणी कीर्तनकार येत असतील, आजोबा त्यांच्या कीर्तनाला जाऊन बसत असतील आणि चाल उचलून आणत असतील. बाहेर बसून ऐकलं की आत, ते माहीत नाही. कटंगीच्या जुन्या घरांपैकी कोणाच्या आजोबा-पणजोबांकडे अशा बुवांचा उतारा असायचा, किंवा त्यांची एखादी चाल कोणाच्या घरात अजून म्हटली जात असेल, तर मला कृपा करून कळवा. वारासिवनी, लांजी, आमगाव, गोंदिया, कुठलंही चालेल, मी येईन. नुसतं फोनवर गुणगुणून पाठवलं तरी चालेल, गळा कसाही असो.

वहीतल्या चालींची नावं मी उद्या फोटो काढून खाली टाकते. ज्यांना जुनं अक्षर वाचता येतं त्यांनी मदत करा, तीन-चार ठिकाणी मला लागत नाहीये.

पेटी दुरुस्त करून आणली आहे, दोन पट्ट्या बदलल्या, आता पांढरी चारला छान बोलते. आणि सूनबाई, तुम्ही हे वाचत असाल तर, तुमच्या सासूबाईंना सौभद्रातली पदं येतात असं मला परवा दुकानात कळलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो आणि मला माहीत नव्हतं. मंगळवारी दुपारी त्या घरी आहेत का ते विचारून ठेवा. मी पेटी घेऊन येते.